ग्रॅव्हलवर पहिल्यांदा निघताना

ग्रॅव्हलवर, म्हणजे खडी-मुरमाच्या कच्च्या रस्त्यावर, सायकल घेऊन पहिल्यांदा निघतोयस, तर अगदीच बिनगाड्यांचा रस्ता पुण्याजवळ शोधत बसू नकोस. एखादी एसटी किंवा दुधाची गाडी भेटणारच. पण पानशेतच्या पुढे, आंबी नदीच्या खोऱ्यात शिरकोली, घोळकडे जाणारा रस्ता धर. धरणापर्यंतची गर्दी तिथे फारशी येत नाही. एका बाजूला तानाजी सागरचं, म्हणजे पानशेत धरणाचं पाणी, दुसरीकडे झाडीचा डोंगर. मात्र रविवारी खडकवासला चौपाटी उजाडायच्या आत ओलांड. नंतर तिथे सायकलवाल्याला कोणी विचारत नाही.

आता टायर. नवीन लोक हवा ठासून भरतात आणि मग खडीवर हात बधिर झाले म्हणून सायकलला नावं ठेवतात. 40 मिमीचा टायर असेल आणि वजन बेताचं असेल, तर हवेचा दाब 35-40 पीएसआय पुरे. मुरमाच्या उतारावर पुढचा ब्रेक करकचून दाबू नकोस, चाक घसरतंच. वजन मागे घे, कोपर सैल ठेव, आणि नजर खड्ड्यावर नको, जिथून जायचंय तिथे.

पावसाळ्यात शेतातली वाट टाळ. काळी माती टायर आणि फ्रेमच्या मधे अशी बसते की चाक फिरायचंच थांबतं, मग काडीने उकरत बसा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम.

दोन ट्यूब, पंप, दोन लिटर पाणी. मोबाईलची रेंज आत धड नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घे. आणि वनखात्याचा फलक दिसला तर परवानगी विचारूनच आत जा.