ईराला, तिच्या प्रश्नाबद्दल

प्रिय ईरा,

आजीने परवा फोनवर तुला "मोठ्यांच्यात बोलू नये" म्हटलं, आणि नंतर तू विचारलंस, "आई, मराठी मुलांना मत नसतं का?" लागलं गं मला ते. इथे स्वीडनमध्ये निहारच्या बालवाडीत एवढीएवढीशी पोरं जंगलात जायचं की मैदानावर हे हात वर करून ठरवतात. इथल्या बालवाडीच्या अभ्यासक्रमाची सुरुवातच लोकशाहीने होते. त्यापुढे आमचं घर तुला अजबच वाटणार.

आम्हाला कुणी विचारायचं नाही, हे खरं. सगळं अप्पा ठरवायचे, आम्ही चपला घालून निघायचो. मला तेव्हा ते खुपलं नाही. सुहासकाकाला खुपायचं, त्याला विचार.

पण आपल्याच घरात सुमाआत्याही होती. ती कोसबाडला अनुताई वाघांच्या हाताखाली तयार झाली. अनुताई आणि ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी काढली. मुलं येईनात, तर शाळाच त्यांच्या वस्तीत, अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं चारणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. शिंपले, बिया, पानं हेच साहित्य. सुट्टीत मी आत्याबरोबर पाड्यावर जायचे. ती मुलांशी आधी वारलीतच बोलायची. "आज काय करूया?" असं खरोखर विचारायची. मुलं "झाडावर चढूया" म्हणाली, तर बियांची टोपली बाजूला ठेवून झाडाखाली उभी राहायची. मला हेवा वाटायचा. कारण घरी हीच आत्या मला "मोठ्यांच्यात बोलू नये" सांगायची! पाड्यावरच्या पोरांना जे मिळालं ते भाचीला का नाही? अप्पांसमोर तिचंही काही चालत नसावं.

हात वर करण्याचंही मला पुरतं पटत नाही हं. निहारचं जंगल हरलं तेव्हा तो रडत घरी आला. पण बाईंनी हरलेल्यांना "मैदानावर तुम्हाला काय खेळायचंय?" असं विचारलं म्हणे. ते मला आवडलं.

आजीला उलट बोल असं मी म्हणत नाही, गप्प बस असंही नाही. तुझं तू बघ. उन्हाळ्यात भारतात कधी जायचं यावर मात्र तुझं मत मला हवंय. मतदान नको, निहारला तू आधीच फितवलंयस.

आई