रिपोर्टमधला दुसरा शब्द

चि. लेकीस, अनेक आशीर्वाद.

काल फोनवर विचारलंस, ‘मावशी, गाठच लागली नव्हती हाताला, मग स्तनाचा कॅन्सर एकदम चौथ्या स्टेजला कसा?’ मी पीएमटीच्या बसमध्ये होते, धड बोलता आलं नाही. (हो, पीएमपी. आमच्या तोंडात पीएमटीच बसलंय.)

तुझ्या रिपोर्टवर ‘डक्टल’ (दूध वाहणाऱ्या नळ्यांतला) आणि ‘लोब्युलर’ (दूध तयार करणाऱ्या ग्रंथींतला) असे कॅन्सरच्या प्रकारांचे दोन शब्द आहेत. सात वर्षांपूर्वी माझ्याही होते. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर बायकांत सत्तरहून जास्त जणींना पहिला असतो, नुसता लोब्युलर दहा-पंधरा जणींना. दोन्ही मिसळलेल्या आपण शंभरात जेमतेम पाच. त्यामुळे पहिला शब्द सगळे वाचतात, दुसऱ्यावरून नजर घसरते.

डक्टलच्या पेशी सहसा गोळा होऊन बसतात, म्हणून गाठ लागते. लोब्युलरच्या पेशींत ई-कॅडहेरिन हे पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रथिन बहुधा नसतंच. मग त्या एकामागे एक सरकत राहतात, जूनमध्ये अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांपुढे मुलांचे आईवडील रांगेत असतात तशा. (तिथे रांग कसली, झुंबडच असते, पण तुला कळलं.) मॅमोग्राफीतूनही (स्तनाच्या एक्स-रेतूनही) त्या पुष्कळदा निसटतात. तुझ्या हलगर्जीनं काही झालेलं नाही. हे आईलाही सांग, ती स्वतःलाच बोल लावत बसली असेल.

मी तीस वर्षं प्रुफं तपासली. आतली जोडाक्षरं बरोबर आणि मुखपृष्ठावर ‘पूणे’, असं एकदा माझ्याच हातून छापून गेलं. आजारपणातही तेच झालं, समोरचंच नजरेतून सुटलं. तिसऱ्या वर्षी दोन घासांत पोट भरायला लागलं, फुगायचं. एका डॉक्टरांनी चार महिने ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, मीही निमूट घेतल्या, वर ओव्याचं पाणी. लोब्युलर हाडं आणि यकृताखेरीज जठरात, आतड्यात, पोटाच्या आवरणात, अंडाशयातही जाऊ शकतो, आणि पेट स्कॅनवर (कॅन्सर कुठे पसरलाय ते शोधणाऱ्या तपासणीत) कधी कधी फिकाच दिसतो. शेवटी एंडोस्कोपीत तुकडा काढला तेव्हा कॅन्सर पोटात पोचल्याचं उलगडलं. म्हणून पोटाचे असोत की फॅमिली डॉक्टर, पहिल्याच वाक्यात सांग: ‘मिश्र प्रकार आहे, लोब्युलरही आहे.’ ‘आम्हाला माहीत आहे’ म्हणाले तरी सांग.

बायोप्सीच्या तुकड्याचा मेणातला ब्लॉक आणि स्लाइड्स कुठल्या लॅबमध्ये आहेत ते लिहून ठेव. पुढे नव्या जागी काही दिसलं आणि सुई पोचण्यासारखी असेल, तर पुन्हा बायोप्सी करता येईल का विचार. ईआर, पीआर, हर-टू या कॅन्सरच्या पेशींच्या खुणा बदललेल्या निघू शकतात आणि त्यावर औषध ठरतं.

आता गोळ्या. तुझी पाळी चालू आहे, म्हणून लेट्रोझोल या हार्मोन कमी करणाऱ्या गोळीबरोबर अंडाशय थांबवणारं इंजेक्शन. पाल्बोसिक्लिब, म्हणजे कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखणारी गोळी, 21 दिवस घ्यायची, मग 7 दिवस सुट्टी. तिनं पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) चुकवू नकोस. सीबीसीत आकडा खाली आला की गोळ्या एखादा आठवडा पुढे ढकलतात किंवा डोस कमी करतात. औषधाचा उपयोग संपला असा त्याचा अर्थ नाही; मी पहिल्यांदा रात्रभर रडले होते, उगाच. ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला तर मात्र सकाळची वाट न पाहता फोन कर. गर्दीत संसर्ग नको, म्हणून विसर्जनाची मिरवणूक यंदा टीव्हीवर बघ. 2023 मध्ये पाल्बोसिक्लिबचं पेटंट संपल्यावर भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या, भाव उतरला. दोन-तीन दुकानांत विचार. हाडं बळकट करणारं इंजेक्शन सुरू करायच्या आधी दात दाखवून घे, नंतर दात काढणं जबड्याला महागात पडू शकतं.

‘किती वर्षं?’ हे तू विचारलं नाहीस, पण ते आवाजात होतं. मला सांगता येणार नाही. मी पहिल्या वर्षी नवी साडी घेत नव्हते, नेसायला कोण उरणार म्हणून. आता कपाट लागत नाही, आणि सून कुरकुरते.

गुरुवारी फाइल घेऊन ये. कागद तारखेप्रमाणे लाव, पहिल्या बायोप्सीचा रिपोर्ट सगळ्यात वर. आणि मंडईतून येशील तर पपनस आणू नकोस, ग्रेपफ्रूटसारखंच तेही पाल्बोसिक्लिबशी जमत नाही. केळी आण.

तुझी,
मावशी