बायकोचं वय २४, उंची पाच फूट, वजन ३८ किलो. आठवड्यात तीन उपवास. पाळी तीन-तीन महिने येत नाही. दिवस न जाण्याचं कारण हेच असेल का?

हो, असू शकतं. पाच फुटांना निदान ४३ किलो वजन हवं. खाणं कमी अन् निंदण-वेचणीची मेहनत जास्त झाली, की मेंदू अंडाशयाला पाठवायचे संदेश मंद करतो. बीज तयार होत नाही, पाळी लांबते. यवतमाळकडच्या उपकेंद्रात नर्स म्हणून काम करताना हे वारंवार पाहते. बाई सकाळी चहावर वावरात जाते आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाते. वजन बरं असलेल्या बाईचीही अशा उपाशी राहण्यानं पाळी थांबू शकते, म्हणून फक्त काट्यावर जाऊ नका.

उपवास तूर्त बंद. (देव रागावत नाही, सासूबाईंना तुम्हीच समजवा.) वावरात जाण्याआधी भाकर-वरण, सोबत शेंगदाणे किंवा जवसाची चटणी, जमेल तेव्हा अंडी. पाळी रुळायला काही महिने लागतात.

पण सगळा दोष वजनावर टाकू नका. थायरॉइड, पीसीओएस (हार्मोन बिघडून अंडाशयातून बीज वेळेवर न सुटण्याचा आजार), गर्भाशयाचा टीबी यांनीही असंच होतं. पीसीओएसमध्ये वजन जास्त असेल तर उलट ते ५ ते १० टक्के घटवावं लागतं. आधी गर्भचाचणी, मग ग्रामीण रुग्णालयात थायरॉइड आणि हिमोग्लोबिन. आणि भाऊ, तुमची वीर्यतपासणीही त्याच फेरीत करून घ्या.