जुन्या मालिका बघायला घेताय? सुरुवात अशी करा

दूरदर्शनच्या जुन्या मालिका बघायचं ठरवलंत, फार छान! फक्त लगेच ‘भारत एक खोज’ला हात घालू नका. श्याम बेनेगलांची ही १९८८ची मालिका थोरच, पण ५३ भागांची आहे. नवा माणूस मध्येच दमतो. आधी बासू चॅटर्जींची ‘ब्योमकेश बक्षी’ (१९९३) ही गुप्तहेरकथांची मालिका घ्या. बहुतेक कथा एकाच भागात संपतात आणि रजित कपूरांचा शांत ब्योमकेश आजही खिळवून ठेवतो.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- शोध दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीच्या ‘वेव्हज’ या ओटीटी अॅपवर आणि त्यांच्याच यूट्यूब चॅनलांवर सुरू करा. कुणीही चढवलेल्या प्रतींत बरेचदा प्रसंग कापलेले असतात, भागांचा क्रम चुकलेला असतो.
- चित्र ४:३ मध्येच (रुंदी-उंचीच्या मूळ, जुन्या टीव्हीच्या प्रमाणात) ठेवा. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच! पडदा भरावा म्हणून ताणलं की चेहरे चपटे दिसतात, मोठं केलं की डोकी कापली जातात. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या, दोन मिनिटांत त्या जाणवेनाशा होतात.
- वेग वाढवू नका.

वेगवेगळ्या प्रतींची तुलना वगैरे नंतर. पहिल्या चार कथा झाल्या की सांगा, पुढची मालिका सुचवतो.