वडिलांचे ठोके अनियमित आहेत (एएफ), हॅस-ब्लेड स्कोअर (रक्तस्रावाचा धोका मोजणारे गुण) ३ आलाय. रक्त पातळ करायची गोळी बंद करावी का?

नाही. स्कोअर ३ आला म्हणून कोणी गोळी बंद करतं का? आमच्याकडे केली होती, म्हणून लिहायला बसले.

अण्णा तेव्हा ७३ वर्षांचे. घर पंचवटीत, रोज पहाटे रामकुंडापर्यंत चालत जायचे. अ‍ॅसिट्रॉम ही रक्त पातळ करायची गोळी चालू होती. ऐन मे महिन्यात घोळणा फुटला. बेसिन लाल, पंचाचं टोक लाल. दादा ओझरहून धावत आला आणि मोबाइलवर हिशोब मांडून बसला. वय ६५ च्या वर, एक. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) २ ते ३ मध्ये हवा, तो कधी १.६ तर कधी ३.८, म्हणून दुसरा. गुडघ्यासाठी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक, ही अंगदुखीची गोळी रक्तस्राव वाढवते, म्हणून तिसरा. “हाय रिस्क! बंद!” मी म्हटलं, डॉक्टरांना एक फोन तर कर. तर म्हणे, रक्त दिसत नाही का तुला? अ‍ॅसिट्रॉमची पट्टी त्याने उचलून कपाटात टाकली. डायक्लोफेनॅकची मात्र टेबलावर, पाण्याच्या तांब्याशेजारी तशीच.

अकराव्या दिवशी अण्णांच्या हातून कपबशी निसटली. उचलायला वाकले तर उजवा हात हलेना, तोंडातून शब्द फुटेना. ठोका बिघडला की रक्त हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात साकळतं, तिथली गुठळी मेंदूत जाते. एएफमध्ये हा धोका साधारण पाचपट. आणि पक्षाघात झाला की त्याच हॅस-ब्लेडमध्ये आणखी एक गुण वाढतो! म्हणजे स्कोअरला घाबरून गोळी बंद केली आणि स्कोअर चारवर नेऊन ठेवला.

हा स्कोअर आलाय तो काय काय दुरुस्त करता येईल हे बघायला. वय कमी होणार नाही, पण बाकीचं बरंच कमी होतं. बीपी वरचं १६० च्या पुढे असेल तर आणा खाली, दारू असेल तर सोडवा, अंगदुखीची गोळी फेका. मेथी-पालक एक दिवस ताटभर आणि मग पंधरा दिवस नाही, असं केलंत तर आयएनआर डोलणारच. युरोपियन हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत सरळ सांगितलंय की गोळी सुरू करायची की काढायची हे अशा स्कोअरवर ठरवू नका. तुमच्या वडिलांचे तीन गुण कशाकशाचे ते तुम्ही लिहिलंच नाहीत, मग पुढचं काय सांगू?

हां, शौचाला डांबरासारखी काळी झाली किंवा डोक्यावर पडले, तर घरी बेरीज करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. तिथे डॉक्टर गोळी काही दिवस थांबवतीलही. तो निर्णय त्यांचा, मुलाचा नाही. आणि मी डॉक्टर नाही, हेही सांगून ठेवते.

अण्णांना नंतर नव्या प्रकारची गोळी दिली, तिला आयएनआर लागत नाही. स्कोअर आता दोन, त्यातला एक आम्ही कमावून दिलेला. दादा अजून दर दिवाळीला म्हणतो, “पण घोळणा परत फुटला का?” अरे, डायक्लोफेनॅकची पट्टी मी पक्षाघाताच्या रात्रीच कचऱ्यात टाकली होती, कसा फुटेल?