४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे का? कॅल्क्युलेटरशिवाय कसं तपासायचं?

मूळ नाही. ४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७.

सरळ भागत सुटलात तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे ६५,५३६ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावून बघाव्या लागतील. त्या भरतात ६,५४२. एवढा खटाटोप नको, कारण ही संख्या साधीसुधी नाही, २^३२ + १ आहे. तिच्या कुठल्याही मूळ अवयवाने २^३२ ला भागलं की बाकी −१ उरते, म्हणून २^६४ ची बाकी १. बाकी १ देणारा सर्वात लहान घात इथे नेमका ६४ आहे. मग फर्माच्या छोट्या प्रमेयाने (मूळ संख्या p ने भाग न जाणाऱ्या संख्येचा p − १ वा घात p ने भागला की बाकी १ उरते), अवयवातून १ वजा केल्यावर ६४ ने भाग गेलाच पाहिजे.

आता ६४ च्या पटीत १ मिळवत चला. त्यातल्या मूळ संख्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्यालाच सापडली! ऑयलरने १७३२ मध्ये हा अवयव दाखवला. तोवर ३, ५, १७, २५७, ६५५३७ (म्हणजे २ चे १, २, ४, ८, १६ वे घात अधिक १) यांच्यामागोमाग हीसुद्धा मूळच असणार, असा फर्माचा समज होता.

भागाकार दहा अंकी करू नका, वर्ग करत जा. ६४१ ने भागताना:
२^८ = २५६
२^१६ = ६५५३६, बाकी १५४
१५४ चा वर्ग २३७१६, त्यातून ६४१ × ३६ = २३०७६ गेले, उरले ६४०
६४० + १ = ६४१. झालं.

६७,००,४१७ मूळ आहे हे कशावरून? त्याचे अवयव मूळ संख्येचेही अवयव (इथे ‘मूळ’ म्हणजे आपण सुरुवात केली ती, मराठीत हा घोळ होतोच), तेव्हा नियम तोच. फ्रेंच गणिती ल्युकाने पुढे ६४ च्या जागी १२८ चालतो हे सिद्ध केलं. मग ६७,००,४१७ च्या वर्गमूळापर्यंत, म्हणजे २५८८ पर्यंत २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९ एवढेच उमेदवार उरतात. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही.

प्रोग्राम लिहून तपासणार असाल तर दोन खड्डे आहेत. ३२ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात कमाल ४२९४९६७२९५ मावते. तिथे आपली संख्या वळसा घालून १ होते आणि ६४१ ने भागल्यावर बाकीही १ दिसते. ६४ बिटांचा प्रकार घ्या. दुसरं, पाया २ घेऊन फर्माची चाचणी (पायाचा ‘संख्या − १’ वा घात संख्येने भागायचा, मूळ असेल तर बाकी १ येते) लावली तर ती हिला ‘बहुधा मूळ’ म्हणून पास करते, कारण २^६४ ची बाकी १ आहे आणि २^३२ हा घात ६४ च्या पटीतच येतो. पाया ३ घ्या: बाकी १ येत नाही, ३०२९०२६१६० येते.