वाचकांचे प्रश्न : लष्करी गुप्तता आणि नदीच्या नोंदी

प्रश्न : मी निपाणी परिसरातील माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. वेदगंगेच्या काठावरील विहिरींची पातळी आणि पुराची रेषा विद्यार्थ्यांकडून नकाशावर मांडून घ्यावी, असा विचार आहे. बेळगावात लष्कराची छावणी आणि सांबऱ्याला हवाई दलाचे केंद्र असल्यामुळे ‘नकाशाच्या भानगडीत पडू नका’ असे सहकारी सांगतात. सुरक्षितता आणि शास्त्रीय माहिती यांची सीमा कोठे आखावी?

उत्तर : आपण हे काम निर्धास्तपणे सुरू करावे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतीय नागरिकाला मोजणी करण्यास आणि नकाशा तयार करण्यास पूर्वपरवानगी लागत नाही. संवेदनशील ठिकाणांची ओळख मात्र नकाशावर दाखवू नये. छावणीच्या आवारात जाऊन मोजणी करायची असेल, तर तेथील अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावीच लागेल.

सीमेचा प्रश्न अधिक खोल आहे. अमेरिकेच्या आण्विक पाणबुड्या शीतयुद्धाच्या काळात उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाखालून फिरत असत आणि वर रोखलेल्या ध्वनियंत्रांनी बर्फाचा पाण्याखालील भाग किती खोल आहे, हे मोजत असत. पाणबुडी कोणत्या दिवशी कोठे होती, हे गुपित होते. बर्फाची जाडी हे गुपित असण्याचे काहीच कारण नव्हते, परंतु दोन्ही नोंदी एकाच कागदावर असल्याने सारेच कुलूपबंद राहिले. पुढे अक्षांश-रेखांश ढोबळ करून आणि नेमक्या तारखेऐवजी महिन्याचा साधारण दहा दिवसांचा टप्पा देऊन हे आकडे खुले करण्यात आले. त्यांच्या आधारे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १९५८ ते १९७६ या काळातील सरासरी ३.१ मीटर खोली १९९० च्या दशकात १.८ मीटरवर आल्याचे दिसले. नौदलाचे काही बिघडले नाही आणि जगाला एक गंभीर बदल कळला. माझ्या मते कसोटी हीच आहे : मोजणाऱ्याचा ठावठिकाणा झाकावा, निसर्गाचे मोजमाप झाकू नये.

आपल्या भागात हा प्रश्न जिवाशी निगडित आहे. जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी चढून पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता. अशा वेळी वरच्या बाजूच्या धरणांतील विसर्गाचे आकडे काठावरच्या गावांना वेळेवर मिळालेच पाहिजेत, आणि त्यावर सुरक्षिततेचे पांघरूण घालणे मला सर्वथा अयोग्य वाटते.

एखाद्या कार्यालयाने जुन्या नोंदी नाकारल्या, तर माहिती अधिकार कायदा, २००५ मधील कलम १० चा उल्लेख करून अर्ज करावा. गोपनीय भाग वेगळा काढता येत असेल, तर उरलेली माहिती द्यावी, असे ते कलम सांगते. अर्जात ‘पुराची सर्व माहिती’ असे मोघम लिहू नये. मोजणी केंद्राचे नाव, वर्ष आणि दैनंदिन पाणीपातळी इतकेच नेमके मागावे.